२५ मीटरची सावली : रॉटरडॅमच्या चौकातलं एक प्रकरण

रॉटरडॅमच्या मधोमध एक मोठा, बराचसा रिकामा चौक आहे. त्याचं नाव स्खाउबुर्खप्लेइन, म्हणजे नाट्यगृहाचा चौक. एका बाजूला नाट्यगृह, दुसरीकडे डे डूलन हे संगीतसभागृह आणि तिसरीकडे पाथे कंपनीचं चित्रपटगृह. १४ मे १९४० रोजी जर्मन बॉम्बफेकीत या शहराचा गाभा जळून गेला, त्यामुळे आज तिथे दिसतं ते जवळपास सगळं नंतर बांधलेलं. चौकाची आत्ताची रचना नव्वदच्या दशकातली, वेस्ट ८ या संस्थेच्या आड्रियान ग्यूझे यांची. खाली वाहनतळ असल्यामुळे वर माती आणि झाडांचा भार टाकता येत नव्हता. म्हणून त्यांनी हलकी, थोडी उचललेली फरशी घातली, कडेला क्रेनसारखे वाकणारे लाल दिव्यांचे खांब उभे केले आणि मधली जागा रंगमंचासारखी मोकळी सोडली.

२००१ साली पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराबरोबर रॉटरडॅमही युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. त्या निमित्ताने ‘व्ही टू’ या तिथल्या माध्यमकलेच्या संस्थेने राफाएल लोझानो-हेमर यांच्याकडून याच चौकासाठी एक कलाकृती करून घेतली. लोझानो-हेमर १९६७ मध्ये मेक्सिको सिटीत जन्मले. माँट्रियलला भौतिक रसायनशास्त्र शिकले आणि तिथेच काम करू लागले. या कलाकृतीचं नाव ‘बॉडी मूव्हीज’.

मी संग्रहालयांच्या दालनांसाठी प्रकाश, आवाज आणि हालचालीवर चालणाऱ्या मांडण्या करतो. हा चौक मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. चित्रफिती, मुलाखती आणि तांत्रिक तपशील यांतूनच मला तो माहीत आहे. तरी नव्या कामाचा आराखडा घेऊन बसलो की सगळ्यात आधी हेच प्रकरण आठवतं. कलाकाराने मनात धरलेला खेळ तिथे लोक खेळले नाहीत, आणि तरीही कलाकृती यशस्वी झाली. हे कसं घडलं, हे समजून घेतलं तर आपल्या धंद्यातल्या बऱ्याच गाठी सुटतात असं मला वाटतं.

काय उभारलं होतं

पाथे चित्रपटगृहाची लांबलचक भिंत हा पडदा. तिच्यावर माणसांची मोठमोठी छायाचित्रं टाकलेली. वेगवेगळ्या शहरांच्या रस्त्यांवर भेटलेल्या, साध्या कपड्यांतल्या, कॅमेऱ्याकडे बघत उभ्या असलेल्या लोकांची ही छायाचित्रं होती. असे हजाराहून जास्त चेहरे संग्रहात होते. पण चौकात येणाऱ्याला त्यातलं काहीच दिसायचं नाही. भिंतीसमोर जमिनीवर अतिशय प्रखर पांढरे दिवे ठेवलेले होते आणि त्यांच्या झोतात ही छायाचित्रं पार धुऊन निघायची. डोळ्यांना दिसायची ती नुसती पांढरीफटक भिंत.

मग कुणीतरी दिवा आणि भिंत यांच्या मधून चालत जायचं. भिंतीवर त्याची सावली पडायची. त्या सावलीपुरता पांढरा झोत अडायचा आणि तेवढ्याच भागात छायाचित्र उमटायचं. म्हणजे तुमच्या आकृतीच्या आत एक अनोळखी माणूस उभा असायचा. त्याला नीट डोक्यापासून पायापर्यंत बघायचं तर सावली त्याच्या मापाची करावी लागायची. त्यासाठी दिव्याकडे सरकायचं किंवा भिंतीकडे. एकाच वेळी भिंतीवर बरीच छायाचित्रं असत. सगळ्यांवर कुणा ना कुणाची सावली बरोबर बसली की कॉम्प्युटरला ते कळायचं, क्षणभर अंधार व्हायचा आणि नवी माणसं भिंतीवर यायची.

कल्पनेचं मूळ रॉटरडॅममध्येच सापडतं. सामुएल फान होख्स्त्रातन हा रेम्ब्रांट या डच चित्रकाराचा शिष्य. चित्रकलेवरचा त्याचा ग्रंथ १६७८ मध्ये याच शहरात छापला गेला आणि त्यात सावल्यांच्या नाचाचं एक कोरीव चित्र आहे. जमिनीलगत एक दिवा, त्याच्यासमोर नाचणारी माणसं, आणि दिव्यापासूनच्या अंतराप्रमाणे भिंतीवर कुणी राक्षसासारखा तर कुणी किरकोळ. लोझानो-हेमर यांनी ही तीनशे वर्षांपूर्वीची युक्ती चित्रपटगृहाएवढी केली.

अंतराचा हिशेब

इथे थोडं गणित करू, कारण या कामाची सगळी गंमत त्यात आहे. समजा दिवा भिंतीपासून ५० मीटरवर आहे आणि माणसाची उंची १.७ मीटर. तो दिव्यापासून साडेबेचाळीस मीटरवर, म्हणजे भिंतीच्या जवळ असेल, तर सावली २ मीटरची. बरोबर मध्ये, २५ मीटरवर आला की ३.४ मीटरची. इथवर साडेसतरा मीटर चालून सावली वाढली ती दीड मीटरसुद्धा नाही. पण दिव्यापासून १० मीटरवर आला की साडेआठ मीटर, आणि ३.४ मीटरवर आला की थेट २५ मीटर. तिथून आणखी एक पाऊल दिव्याकडे टाकलं की सावली पाच मीटरने उंच होते.

‘बॉडी मूव्हीज’मधल्या सावल्या २ ते २५ मीटरच्या असत, म्हणजे दिव्यापासून भिंतीपर्यंतचं जवळपास सगळं अंतर खेळायला मिळत होतं. भिंतीजवळ माणूस माणसाएवढाच. दिव्याजवळ प्रत्येक पाऊल सात मजल्यांएवढं जड. कुठे उभं राहायचं याची एकही खूण जमिनीवर काढायची गरज नव्हती. अंतर हीच कळ, आणि ती फिरवायला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या लहानपणी भारनियमनाच्या रात्री कंदिलापुढे हाताचा ससा करताना आम्ही हेच करत होतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्या दिव्याच्या उजेडात नाचवतात. त्यांच्या हातांनाही हे गणित पाठ असतं.

दिव्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. झेनॉनच्या दिव्यात उजेड एका छोट्याशा बिंदूतून येतो, म्हणून सावलीची कड धारदार पडते. समजा उजेडाचा उगम ५ सेंटिमीटरचा आहे. वरच्याच उदाहरणात, २५ मीटरच्या सावलीची कड साधारण सत्तर सेंटिमीटर पसरेल, म्हणजे एवढ्या मोठ्या आकृतीत बोटं नाही, तरी हात-पाय ओळखू येतील. त्याऐवजी ६० सेंटिमीटरचं एलईडी पॅनेल लावलं तर कड आठ मीटरची होईल आणि भिंतीवर नुसता ढग दिसेल. आपल्याकडे प्रदर्शनांमध्ये ‘सावलीचा खेळ’ फसतो तो बहुतेक इथेच. उजेड भरपूर असतो, पण तो पसरट असतो.

या मांडणीत तीन उजेड एकमेकांशी भांडतात : छायाचित्राचा, त्याला पुसणाऱ्या पांढऱ्या झोताचा आणि शहराचा. पांढरा झोत छायाचित्राच्या कितीतरी पट प्रखर हवा, नाहीतर चेहरे सावलीशिवायच दिसतील. छायाचित्राचा उजेड रस्त्यावरच्या दिव्यांपेक्षा जास्त हवा, नाहीतर सावलीतही काही दिसणार नाही. भिंत चारशे चौरस मीटरची असो की अठराशेची (नंतर वेगवेगळ्या शहरांत ही कलाकृती या मापांमध्ये झाली), तिन्हींचं प्रमाण सांभाळावं लागतं. २००१ सालच्या डिजिटल प्रोजेक्टरना एवढी भिंत उजळणं झेपलं नसतं. म्हणून छायाचित्रं पारदर्शक फिल्मवर छापलेली होती आणि ७ किलोवॅटच्या झेनॉन प्रोजेक्टरपुढे ती फिल्म यंत्राने पुढे-मागे सरकवली जायची.

कॉम्प्युटर कुठे आहे?

आता या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा निर्णय. माणूस हलला की सावली हलते, सावलीत चेहरा दिसतो. या साखळीत कॉम्प्युटर कुठेच नाही. उजेड अडतो, बस्स. तिथे उशीर होऊ शकत नाही. आज्ञावली अडकली, कॅमेऱ्याची तार निघाली तरी भिंतीवर सावल्या पडतच राहणार आणि चेहरे उमटतच राहणार. कॉम्प्युटरकडे एकच काम ठेवलं होतं. सगळ्या छायाचित्रांवर सावल्या बसल्या की नाही हे कॅमेऱ्यातून बघायचं आणि बसल्या असतील तर पुढचा प्रवेश लावायचा. तिथे पाव सेकंद इकडेतिकडे झाला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

हे मला किती उशिरा कळलं ते सांगतो. एका संग्रहालयाच्या दालनात मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी एक भिंत केली होती. समोर हात हलवला की भिंतीवरचं चित्र हलायचं. कॅमेरा, मग गणन, मग प्रोजेक्टर अशा तीन टप्प्यांत मिळून साधारण एक तृतीयांश सेकंद जायचा. आम्हाला तो चालण्यासारखा वाटला, कारण आम्हाला उशिराचं कारण माहीत होतं. मुलांना ते माहीत नव्हतं. ती एकदा हात हलवायची, काही झालं नाही असं समजून दुसरीकडे वळायची, आणि चित्र त्यांच्या पाठीमागे हलायचं. आठवडाभर दालनाच्या कोपऱ्यात उभा राहून मी हे पाहिलं. आम्ही आज्ञावली सुधारत बसलो. खरी दुरुस्ती ती नव्हती. शरीराला ज्या क्षणी उत्तर हवं असतं ते उत्तर भौतिक जगाकडून येईल अशी मांडणी आम्ही मुळातच करायला हवी होती.

आवाजाच्या बाबतीत हे आणखी कठीण, कारण कानाला उशीर डोळ्याआधी कळतो. लोझानो-हेमर यांनी २००३ मध्ये मेक्सिको सिटीत सावल्यांचीच एक रेडिओ-मांडणी केली. सावली भिंतीवर कुठे पडली यावर कोणती वारंवारता लागते ते ठरायचं आणि सावली किती मोठी यावर आवाज किती मोठा ते. तिथे कॉम्प्युटर मध्ये होताच, पण आधार सावलीचाच. रेडिओ लागायला क्षणभर लागला तरी आपण काहीतरी करतो आहोत याची खूण सावलीने आधीच दिलेली असते. पडद्यावरची ही पहिली, फुकटची पोच फार मोठी गोष्ट आहे.

लोकांनी काय केलं

कलाकाराच्या मनात काय होतं? प्रचंड भिंती, प्रखर दिवे, रस्त्यावरचे सोहळे यांचं तंत्र माणसाला दिपवतं आणि लहान करतं. तेच तंत्र उलटं वापरून अनोळखी माणसांमध्ये जवळीक घडवायची, असं त्यांचं सांगणं होतं. चौकात आलेला माणूस आपल्या सावलीत दुसऱ्या शहरातल्या माणसाला जागा देईल, त्याच्या मापाचा होऊन त्याला अंगावर घेईल. जे तिथे नाहीत त्यांची आठवण होईल.

लोकांनी छायाचित्रांकडे पाहिलं, नाही असं नाही. पण थोडाच वेळ. मग त्यांना भिंतीवरच्या दुसऱ्या सावल्या दिसल्या. कुणी दिव्याजवळ जाऊन दुसऱ्याच्या सावलीला चिमटीत धरलं. कुणी लांबच्या, छोट्या सावलीला तळहातावर उभं केलं. अनोळखी लोक काही न बोलता मिनिटभराची नाटुकली करू लागले. लोझानो-हेमर यांनी एका मुलाखतीत चाकांच्या खुर्चीतल्या एका माणसाची आठवण सांगितली आहे. तो दिव्यापाशी जाऊन अवाढव्य झाला आणि भिंतीवरच्या सगळ्यांवरून खुर्ची फिरवत राहिला. हा प्रसंग मी कितीदा तरी माझ्या सहकाऱ्यांना सांगितला आहे. आम्ही ‘सर्वांना वापरता येईल’ म्हणून उतार काढतो, बटणं खाली लावतो, आणि ते करायलाच हवं. इथे मात्र खुर्ची ही वेगळी सोय करण्याची गोष्ट राहिली नाही. तीच त्या माणसाचं आयुध झाली.

लोकांबद्दलचा अंदाज असा चुकणं लोझानो-हेमर यांना नवं नव्हतं. १९९७ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात जुन्या शस्त्रागाराच्या भिंतीवर त्यांनी सावल्यांचा पहिला प्रयोग केला होता. विषय होता भय. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सावल्यांत भयाविषयीच्या चर्चेतला मजकूर उमटायचा. सावली म्हणजे काळोख, दडपण असा त्यांचा हिशेब. लोक मजेत हातवारे करत राहिले. रॉटरडॅमनंतर २००२ मध्ये ‘बॉडी मूव्हीज’ लिस्बन आणि लिव्हरपूलला गेली. दक्षिणेकडचे लोक रस्त्यावर मोकळे, मिठ्या मारणारे, तर इंग्रज संकोची, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. लिस्बनमध्ये लोक दुसऱ्याच्या सावलीवर आपली सावली पडू नये म्हणून जपून चालले. इंग्लंडमध्ये मंडळींनी दारू पिऊन, कपडे उतरवून धमाल केली.

यंत्रणा तीच, दिवा तोच, छायाचित्रं तशीच. तरी प्रत्येक शहरात वेगळा खेळ झाला. याला मी अपयश मानत नाही. पण याचं श्रेय निव्वळ योगायोगाला देणंही चूक ठरेल. छायाचित्रांवर सावली बसवायचं काम लोकांनी बाजूला ठेवलं, तेव्हा त्यांच्या हातात दुसरं काहीतरी उरलं होतं. ते उरलं कारण ते आधीपासून भौतिक होतं आणि कुणाच्या परवानगीवर अवलंबून नव्हतं. काम पूर्ण केल्याशिवाय सावलीच उमटणार नाही अशी आज्ञावली कुणी लिहिली असती, तर लोक दहा मिनिटांत घरी गेले असते.

रांगेचाही प्रश्न इथे आपोआप सुटला होता. एकाच माणसाने वापरायचं यंत्र ठेवलं की बाकीचे ताटकळतात, मागचा पुढच्याला घाई करतो आणि रक्षकाला शिट्टी वाजवावी लागते. आपल्या गर्दीत तर हे ठरलेलंच. चौकातल्या झोतात मात्र नुसता चौक ओलांडणारा माणूसही भिंतीवर येत होता. बघणारा आणि करणारा यांत दोरी नव्हती. दिव्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड, त्यामुळे शेजारचा माणूस चेहऱ्याने दिसत नाही, सावलीने दिसतो. माणसं धीट होतात त्याला हेही एक कारण असावं.

कॅमेऱ्याची बाब मी अशी चटकन सोडणार नाही. सार्वजनिक जागेत लोकांचा माग काढणारी यंत्रणा बसवायची तर ती लपवू नये, हे लोझानो-हेमर यांनी पाळलं. कॉम्प्युटरला काय दिसतं आहे ते चौकात उघड दाखवलेलं होतं. पुढे २००५ मध्ये इंग्लंडच्या ईस्ट मिडलँड्स भागात त्यांनी ‘अंडर स्कॅन’ केली. तिथे दर सात मिनिटांनी सगळं थांबायचं आणि माग काढणारी जाळी जमिनीवर लख्ख दिसायची. आपल्याकडच्या संग्रहालयांत, मॉलमध्ये हालचाल टिपणारे कॅमेरे छतात काळ्या डबीत बसवले जातात आणि पाहुण्याला त्याचा पत्ता नसतो. हे मला पटत नाही. एक छोटा पडदा लावायला फार खर्च येत नाही.

‘अंडर स्कॅन’मध्ये छायाचित्रांचाही धडा घेतलेला दिसतो. स्थिर चित्रांऐवजी तिथे हलती माणसं होती. तुमच्या सावलीत ती जागी व्हायची, तुमच्याकडे वळून बघायची आणि तुम्ही निघालात की नजर काढून घ्यायची. रॉटरडॅममधला चेहरा तुमच्याकडे बघत असला तरी तुमच्या येण्याजाण्याने त्याला काही फरक पडत नव्हता. शेजारच्या सावलीला पडत होता, म्हणून लोक तिकडे गेले.

इथे उभारायचं झालं तर

‘बॉडी मूव्हीज’ पुण्यात का करू नये, असं मला एका तरुण सहकाऱ्याने विचारलं. उजेडाची आणि पावसाची उत्तरं सोपी आहेत. पावसाळ्याचे चार महिने सोडावे लागतील. उन्हाळ्यात साडेसातच्या आधी अंधार नाही. गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर एवढी रोषणाई असते की शहराचा उजेड छायाचित्राच्या उजेडाला गिळून टाकेल.

खरा अडसर दुसरा आहे. आपल्याकडे सावली हा निष्पाप शब्द नाही. पेशवाईत अस्पृश्य मानलेल्या माणसाची सावली सवर्णावर पडली तर विटाळ होतो म्हणून सवर्ण येत असताना त्याला रस्त्यावर यायला बंदी असे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात करू न दिलेल्या भाषणात नोंदवलं आहे. त्यात राजधानी पुण्याचा उल्लेख नावानिशी आहे. ज्या शहरात सावलीवरून माणूस हाकलला गेला, त्या शहरात सावलीवर सावली टाकायचा खेळ मांडायचा, तर तो नुसता खेळ राहणार नाही. लिस्बनचे लोक सावल्या टाळत होते, त्याला आपण संकोच म्हणालो. इथे कुणी टाळली तर त्याला काय म्हणायचं?

म्हणून करूच नये असं मी म्हणत नाही. उलट, करण्याजोगी जागा असेल तर हीच. पण आराखडा बदलेल. भिंतीवर सावलीत उमटणारी माणसं कोण, हे मी दिव्याच्या क्षमतेआधी ठरवीन. पहाटे हाच रस्ता झाडणाऱ्या बायका, गटारात उतरणारे कामगार, त्यांची मुलं. आणि आपण कसे दिसायचं हे त्यांनी स्वतः ठरवलेलं, ‘अंडर स्कॅन’मधल्या माणसांना ते स्वातंत्र्य होतं तसं. त्यांनी मान वळवून बघणाऱ्याकडे बघायला हवं. भिंत जुन्या पेठेतली हवी, आणि दिवा जमिनीवर, कुणालाही सहज जवळ जाता येईल असा. सहकाऱ्याने त्या रात्री नकाशा काढून एक चौक दाखवला. भिंतीपासून समोरच्या फुटपाथपर्यंत अठरा मीटर भरतात. दिव्यापासून दीड मीटरवर उभ्या राहिलेल्या पाच फुटी बाईची सावली तिथे अठरा मीटरच्या वर जाते, आणि वाड्याची ती भिंत जेमतेम अकरा मीटरची आहे.